अर्धा विनोद कुणी खाल्ला?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बाहेर ऊन रणरणतंय, मी पंख्याखाली आडवा, डोळा लागणार एवढ्यात मोबाइल ‘टिंग’ वाजला. नववीतल्या माझ्या भाचीने एक चित्र पाठवलं होतं. काड्यांची दोन माणसं. डोकं म्हणून एक गोल, धड म्हणून एक रेघ, हातपाय म्हणून चार रेघा. बस्स! ना नाक, ना डोळे. खाली तिचा निरोप : ‘मामा, ग्रुपवर सगळे म्हणतायत भारी आहे. मला तर काहीच कळलं नाही. आणि असलं चित्र मीपण काढीन!’

मी लगेच फोन लावला.

‘‘कुणी काढलंय ते?’’

‘‘काय माहीत! फॉरवर्ड आहे. फॉरवर्डवर कुठे नाव असतं?’’

‘‘बरं, चित्राच्या पोटात काय लपलंय ते पाहिलंस?’’

‘‘चित्राच्या पोटात?’’

मग तिला मूळ पान उघडायला लावलं. इंग्रजी अक्षरं चारच : एक्स, के, सी, डी. पुढे डॉट कॉम. तिथे संगणकावर चित्र उघडायचं आणि माऊसचा बाण नुसता चित्रावर आणून ठेवायचा. क्लिक नाही करायचं हं! क्षणभरात एक ओळ वर येते. मोबाइलवर असाल तर चित्रावर बोट दाबून धरायचं. ती लपलेली ओळ म्हणजे त्या विनोदाचा उरलेला तुकडा. कधी कधी तर मुख्य चित्रापेक्षा तीच जास्त हसवते.

पलीकडून आधी शांतता. मग खो खो हसण्याचा आवाज. आणि मग एकदम राग! ‘‘म्हणजे मला अर्धाच विनोद मिळाला? उरलेला कुणी खाल्ला?’’

कुणी मुद्दाम खाल्ला नव्हता. फोटो काढून पाठवला की ती ओळ मागेच राहते. चित्रकाराचं नावही मागे राहतं, आणि त्या चित्राच्या आधीची आणि नंतरची तीन हजारांहून जास्त चित्रंही.

आता मी काही या बाबतीत धुतल्या तांदळासारखा नाही बरं का. १९९१ साली ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ सुरू झाला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीचा. आमच्या घरी पेपर आला, की त्यावर पहिली झडप माझ्या कात्रीची. मागच्या पानावरची बाबांची बातमी मधोमध कापली जायची आणि मग जे व्हायचं ते व्हायचं! शंभर पानी वहीत मी चिंटू चिकटवायचो. पण कापायचो अगदी चौकटीला लागून. तारीख बाहेर, कचऱ्यात. वही भरली तेव्हा कळलं, की कुठला आधीचा, कुठला नंतरचा, याचा काही पत्ताच नाही. ती वही अजून आहे माझ्याकडे. उघडली की हसू येतं आणि स्वतःच्या कात्रीचा रागही.

म्हणून आज ठरवलंय, की माझ्या आवडत्या इंटरनेटवरच्या चित्रमालिका तुम्हाला सांगायच्या, आणि त्या प्रत्येकीच्या घराचा पत्ता देऊन सांगायच्या. ‘घर’ म्हणजे चित्रकार जिथे स्वतः आपली चित्रं लावतो ते पान. तिथे मध्ये ना छापखाना, ना संपादक. चित्रकाराला वाटलं म्हणून त्याने काढलं, आणि तुम्ही वाचलं.

तर आधी ती काडीमाणसं. ‘एक्सकेसीडी’ हे काढतो अमेरिकेतला रँडल मन्रो. शिकला भौतिकशास्त्र, काम केलं ‘नासा’त, यंत्रमानवांवर. पण वहीच्या समासात चित्रं गिरवायची खोड जुनी. (तुमच्यापैकी कितीजणांना आहे? हात वर करा! बाई बघत नाहीयेत.) २००५ साली त्याने त्या जुन्या वह्यांतली चित्रं इंटरनेटवर टाकली, आणि तिथून जे सुरू झालं ते अजून चालू आहे. दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी नवं चित्र. नावाचा अर्थ काय? काहीच नाही! उच्चारच करता येऊ नये म्हणून त्याने ही अक्षरं निवडली. प्रत्येक चित्राला क्रमांक असतो, पण ४०४ क्रमांकाचं चित्र काही सापडायचं नाही. इंटरनेटवर पान हरवलं की जो आकडा दिसतो तोच हा, म्हणून ती जागा त्याने रिकामीच ठेवली. आहे की नाही अवली?

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. या मालिकेत अधूनमधून शिव्या असतात, आणि कठीण गणितही असतं. तसा इशारा त्याने स्वतःच पानाच्या तळाशी लिहून ठेवलाय. सगळं कळलंच पाहिजे असं नाही. मलाही पाचातली दोन कळत नाहीत.

पण ‘टाइम’ नावाच्या चित्राची गोष्ट ऐकाच. क्रमांक ११९०. २५ मार्च २०१३ ला ते लागलं. समुद्राकाठी वाळूत दोन काडीमाणसं बसलेली. ना संवाद, ना विनोद. लोकांनी बाण ठेवून पाहिला, तर लपलेल्या ओळीत सांगितलेलं, की जरा थांबा. लोक थांबले. अर्ध्या तासाने चित्र किंचित बदललं! पुढच्या अर्ध्या तासाने पुन्हा! ती दोघं वाळूचा किल्ला बांधत होती. पहिले पाच दिवस दर अर्ध्या तासाला आणि नंतर दर तासाला एक, अशी चित्रं बदलत राहिली. दिवसा, रात्री, चार महिने! एकूण चित्रं किती झाली? ३०९९. आपल्या गावातला दिवाळीचा किल्ला आठवा, मातीचा एकेक हात चढत जातो तसा तो वाळूचा किल्ला वाढत गेला.

मग त्या दोघांच्या लक्षात येतं, की समुद्राचं पाणी वर चढतंय. का? ते शोधायला ती निघतात. इकडे जगभरचे वाचक डोकं खाजवत बसले. हा कुठला समुद्र? कुठला काळ? गोष्टीत रात्र झाली, आकाशात तारे आले, तेव्हा काहींनी त्या ताऱ्यांच्या जागा मोजल्या. तारे आज जिथे दिसतात तिथे नव्हते, थोडे सरकलेले होते. म्हणजे ही गोष्ट सुमारे अकरा हजार वर्षांनंतरची! समुद्र भूमध्य, पण आटलेला, आणि आता पुन्हा भरू लागलेला. असं खरंच घडलंय बरं का. पन्नास-साठ लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्र मोठ्या प्रमाणावर आटला होता आणि नंतर अटलांटिकचं पाणी पुन्हा आत घुसलं, असं भूवैज्ञानिक सांगतात. त्या दोघांचं पुढे काय होतं ते नाही सांगत. एवढंच सांगतो, की २०१४ साली या गोष्टीला चित्रकथेचं ‘ह्यूगो’ पारितोषिक मिळालं. विज्ञानकथांच्या जगात हा फार मोठा मान. आणि ती सगळी चित्रं आजही ओळीने बघता येतात, ती कुणामुळे? तर ज्यांनी चार महिने तासातासाला एकेक चित्र जपून ठेवलं त्या वाचकांमुळे. त्यांच्या कात्रीने तारीख कापली नाही!

आता सांगा, यातलं मधलंच एखादं चित्र तुमच्या ग्रुपवर आलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? ‘वाळूत दोन काड्या. बरं मग?’

याच मालिकेतलं १७३२ क्रमांकाचं चित्र मोठ्या पडद्यावर बघा. पृथ्वीच्या तापमानाची एक रेघ, इसवी सनापूर्वी २०,००० वर्षांपासून आजपर्यंत. खाली सरकवत राहायचं, सरकवत राहायचं… बोट दुखतं. रेघ हळूहळू, अगदी गोगलगायीसारखी बाजूला सरकते. बाजूला हिमयुग ओसरतंय, शेती सुरू होतेय, शहरं वसतायत. आणि अगदी तळाशी, आपल्या काळात आल्यावर, ती रेघ एकदम वळते आणि सुसाट पळते. माझ्या भाचीने ते तळाचं टोक तेवढं कापून मैत्रिणीला पाठवलं. मैत्रीण म्हणाली, ‘‘एक रेघ आहे. त्यात काय?’’ बोट दुखल्याशिवाय त्या वळणाचा दणका बसतच नाही!

क्रमांक ११३३ हे माझं लाडकं. माणसांना चंद्रावर नेणाऱ्या ‘सॅटर्न-५’ रॉकेटचं चित्र, आणि त्याचे सगळे भाग समजावलेत ते फक्त रोजच्या वापरातल्या एक हजार इंग्रजी शब्दांत. गंमत म्हणजे त्या हजारांत ‘रॉकेट’ हाच शब्द नाही! मग काय, वर जाणारी वस्तू! याच युक्तीचं पुढे २०१५ मध्ये त्याने एक आख्खं पुस्तक केलं. आम्ही मामा-भाचीने हा खेळ मराठीत खेळून पाहिला. विषय होता कुकर. ‘दाब’ शब्द वापरायचा नाही, ‘वाफ’ नाही, ‘शिट्टी’ तर नाहीच नाही. तिने लिहिलं : ‘भात लवकर करणारं बंद भांडं. आतलं गरम पाणी बाहेर यायला बघतं, वरचं जड बटण त्याला जाऊ देत नाही, मग ते ओरडतं.’ तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘तीनदा ओरडलं की बंद करा म्हणावं!’’

चित्र काढता येत नाही म्हणून कुढत बसलेल्यांसाठी आता ‘डायनोसॉर कॉमिक्स’. कॅनडाचा रायन नॉर्थ हे २००३ पासून चालवतोय. सहा चौकटी, त्यांत टी-रेक्स आणि त्याचे दोन डायनोसॉर मित्र. दुसऱ्या दिवशी काय? त्याच सहा चौकटी, तीच चित्रं! तिसऱ्या दिवशी? तीच! चार हजारांहून अधिक वेळा तीच सहा चित्रं, बदलतात फक्त शब्द. टी-रेक्स प्रत्येक वेळी त्याच छोट्याशा घरावर पाय देणार असतो आणि प्रत्येक वेळी वेगळ्याच विषयावर बडबडत असतो. एकच वाचलंत तर म्हणाल, ठीक आहे. ओळीने दहा वाचा, मग हसू थांबणार नाही. इथेही चित्रावर बाण ठेवायचा विसरू नका. भाषा जरा मोठ्या मुलांची आहे, धाकट्या भावंडांना दाखवण्याआधी स्वतः वाचा. हा चित्रं न काढणारा नॉर्थ पुढे मार्व्हलच्या ‘स्क्विरल गर्ल’च्या गोष्टी लिहायला लागला, ते वेगळंच.

आता चला आपल्या नागपूरला. रोहन चक्रवर्ती यांनी शिक्षण घेतलं दातांच्या डॉक्टरचं. पण नागझिऱ्याच्या जंगलात पाणवठ्यावर त्यांना एक वाघीण दिसली आणि सगळं बिनसलं. किंवा जमलं म्हणा! दात राहिले बाजूला आणि २०१० पासून ‘ग्रीन ह्यूमर’ ही त्यांची चित्रमालिका सुरू झाली. वाघ, रानकुत्रे, गिधाडं, वटवाघळं, बेडूक, सगळे इथे आपापली गाऱ्हाणी घेऊन येतात. २०१३ मध्ये ‘गोकॉमिक्स’ या अमेरिकी संकेतस्थळाने ती घेतली. भारतातून तिथे पोहोचलेली ही पहिली चित्रमालिका. यांच्या चित्रांत काड्या नाहीत, सगळं नेटकं, रंगीत. प्राणी बघून काढलाय हे लगेच कळतं. एखादा पक्षी कुठला ते ओळखता येईल इतका नीट काढायचा, आणि वर त्याच्या तोंडी विनोद घालायचा, हे सोपं नाही. चिमटेही असतात. जंगलातून रस्ता काढणारी माणसं, प्लास्टिक फेकणारी माणसं. हसता हसता आपण हळूच मान खाली घालतो. इंग्रजी बेताचं असलं तरी चित्रांवरून बरंचसं कळतं. अडलंच तर शब्दकोश आहे की!

धाकट्यांसाठी ‘पेपर अँड कॅरट’. पेपर ही छोटी चेटकीण, कॅरट तिचं मांजर, आणि हमखास बिघडणारी जादूची औषधं. डेव्हिड रव्हॉय हा फ्रेंच चित्रकार २०१४ पासून हे करतोय. चित्रं इतकी सुंदर, की प्रत्येक पान भिंतीवर लावावंसं वाटतं. आणि लावा खुशाल! त्याची परवानगी आहे. छापा, वाटा, भाषांतर करा, विकलंत तरी चालेल. कच्ची चित्रंसुद्धा त्याने उघडी ठेवलीत, म्हणजे कुठला रंग कुठल्या थरावर दिला तेही बघता येतं. चाहत्यांनी पन्नासहून अधिक भाषांत याची भाषांतरं केलीत. पैसे देतात ते वाचक, ज्याला वाटेल तो, वाटेल तेवढे. अट एकच : नाव द्यायचं. ‘एक्सकेसीडी’चंही तसंच, फक्त तिथे विकायचं नाही.

हे सगळं भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘मामा, मग ग्रुपवर काय पाठवू? नुसती लिंक कोण उघडणार?’’ प्रश्न खरा आहे. मलाही नीट उत्तर सुचलं नाही. आता ती चित्र पाठवते, खाली चित्रकाराचं नाव आणि चित्राचा क्रमांक लिहिते, आणि वर एक खोडसाळ ओळ : ‘अर्धा विनोद इथे, अर्धा तिकडे.’ तीसजणांच्या ग्रुपमधले चारजण म्हणे तिकडे जाऊन आले.

तुम्हाला तिकडे जायचं असेल तर ‘एक्सकेसीडी’च्या क्रमांक १ पासून सुरू करा. अथांग समुद्रात एक पिंप तरंगतंय, पिंपात एक मुलगा बसलाय, आणि आता आपण वाहत कुठे जाणार याचा तो विचार करतोय. बाकी काही नाही. पुढचं चित्र उघडाल तर भलताच विषय! तिसरं उघडाल तर आणखी तिसराच. मुलगा गेला कुठे? तो पुन्हा भेटतो क्रमांक ११ ला. मग २२, मग २५ आणि शेवटी ३१ ला. माझी भाची २५ पर्यंत पोहोचलीय. काल रात्री साडेदहाला तिचा निरोप आला : ‘मामा, ३१ मध्ये काय होतं ते सांगू नकोस हं!’