मोटर बंद ठेवणारा कालवा

गाव, पाणी, वीज : भाग ७

तिरुक्करुगावूरहून परतणाऱ्या बहुतेक जोडप्यांच्या पिशवीत दोन वस्तू असतात, तूप आणि एरंडेल. मूल व्हावं म्हणून गर्भरक्षांबिका देवीच्या पायाशी ठेवलेलं तूप, आणि बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून पोटावर चोळायला एरंडेल. तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमपासून वीसेक किलोमीटरवर, वेट्टार नदीच्या काठी हे गाव आहे. देवीशेजारी शंकराचं देऊळ, त्याचं नाव मुल्लैवननाथ, जुईच्या वनाचा स्वामी. लिंग वारुळाच्या मातीचं मानतात, त्यामुळे त्यावर पाण्याचा अभिषेक होत नाही, पुनुगु लावतात. हे पुनुगु म्हणजे जवादी मांजराच्या ग्रंथीतून निघणारं सुगंधी द्रव्य. जुईचा वेल हा इथला स्थलवृक्ष, म्हणजे देवळाचं पवित्र झाड.

परिसरातल्या पाच शिवस्थानांना मिळून पंचारण्य म्हणतात. पहाटे तिरुक्करुगावूरला सुरुवात करून अवळिवनल्लूर, हरिद्वारमंगलम, आलंगुडी असं करत मध्यरात्री तिरुक्कोळ्ळंपुदूरला पोचायची प्रथा आहे. पाच ठिकाणं, पाच वनांची नावं. बाहेर मात्र नजर पोचेल तिथवर भातखाचरं आणि केळीच्या बागा. आपल्याकडे देवाच्या धाकाने देवराया टिकल्या असं आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, पण इथे देव आहे, नावही आहे, आणि वनाच्या नावाने उरला आहे तो देवळाच्या आवारातला वेल. भाताला पाणी आणि जमीन मिळाली की धाक पुरत नाही.

मग इथे राखायचं काय? माझ्या मते, वायक्काल. म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणारा लहान पाट. कावेरीचं पाणी कल्लणै धरणाशी फुटतं, वेण्णारमधून वेट्टारसारख्या नद्यांत, तिथून मोठ्या कालव्यांत आणि शेवटी वायक्कालमध्ये उतरतं. या सगळ्या प्रवासात एकही मोटर नाही. उतार पाणी नेतो, आणि उताराला बिल येत नाही.

आता वायक्कालमध्ये जलपर्णी आणि गाळ साचला असं धरा. हेडचा, म्हणजे पाटाच्या तोंडाशी असलेला शेतकरी काहीबाही भिजवून घेतो, टेलला, म्हणजे पाटाच्या शेवटाला, पाणी पोचत नाही. टेलचा माणूस बोअर मारतो. हिशेब सोपा आहे. एक एकर भाताला हंगामात साधारण १,२०० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे जवळपास ५,००० घनमीटर. ते ३० मीटरवरून उपसायचं, पंप चाळीस टक्के कार्यक्षमतेने चालतो असं मानायचं, तर एकरी सुमारे हजार युनिट वीज लागते. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराचं सुमारे दहा महिन्यांचं काम त्यात भागलं असतं. तमिळनाडूत शेतीपंपाची वीज तीन दशकांहून अधिक काळ फुकट आहे, त्यामुळे हा आकडा शेतकऱ्याच्या खिशाला कधी टोचत नाही. सौरपंप बसवला तरी भूजल तेवढंच खाली जाणार. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातला सगळ्यात स्वस्त ऊर्जाप्रकल्प म्हणजे फावडं, असं मी म्हणतो ते यामुळेच.

वरून पाणीच आलं नाही तर फावडं काय करणार, हेही खरं. कावेरीवरच्या, १९३४ साली पुरं झालेल्या मेट्टूर धरणातून दरवर्षी १२ जूनला पाणी सोडायचा रिवाज आहे, पण २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षं ती तारीख चुकली. अशा वर्षी कुरुवै, म्हणजे जून-जुलैत पेरायचं भात, बोअरवरच घेतात.

गाळ काढायची जुनी रीत इथे होती, तिला कुडिमरामत्तु म्हणतात. उन्हाळ्यात पाणी आटलं की गावाने मिळून आपले पाट आणि तळी उपसायची. धुळ्याच्या पांझराकाठची फड पद्धत माहीत असलेल्यांना हे चटकन कळेल. लेख वाचताना सगळे इथे माना डोलावतात, म्हणून थोडं थांबू या. १६७६ पासून तंजावरवर भोसल्यांचं राज्य होतं. १८५५ मध्ये कंपनीने राज्य खालसा केलं आणि तीनच वर्षांनी, १८५८ साली, मद्रास प्रांतात सक्तीच्या श्रमाचा कायदा आला. जी रीत होती ती न पाळणाऱ्याला दंड. रीत आपसूक चालत असती तर कायद्याची गरज पडली नसती.

आणि फावडं कोणाच्या हातात होतं? जमीन मिरासदारांची, चिखलात उतरणारे बहुतेक भूमिहीन दलित मजूर. मजुरीच्या भांडणातून २५ डिसेंबर १९६८ ला याच त्रिभुज प्रदेशातल्या कीळवेण्मणीत ४४ माणसं एका झोपडीत जाळून मारली गेली. म्हणून गावाने एकत्र येऊन केलं असं वाक्य दिसलं की मी आधी विचारतो, गावातल्या कोणी?

२०१७ साली तमिळनाडू सरकारने कुडिमरामत्तु नव्याने सुरू केलं. दहा टक्के वाटा शेतकऱ्यांच्या संघटनेने पैशात किंवा श्रमात द्यायचा, उरलेला सरकारचा. काही ठिकाणी कामं खरोखर झाली. बऱ्याच ठिकाणी संघटना कागदावर राहिली आणि जेसीबी कंत्राटदाराचा, अशा तक्रारी आल्या. जेसीबी गाळ काढतो, पण टेलला पाणी कधी आणि किती तास सोडायचं ते ठरवत नाही. रोजगार हमीवर पाट साफ करणाऱ्या बायकांनाही ते कोणी विचारत नाही. गेल्या आठवड्यात आपण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात होतो. तिथे २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती आले आणि चित्र पालटलं. निर्णय कोणाच्या हाती, फरक नेमका तिथे आहे.

नियम साधा आणि आपल्या हातातला असला की लोक तो पाळतात, याचा दाखला शेजारच्याच तिरुवारूर जिल्ह्यात आहे. सेंद्रिय शेतीचे प्रचारक जी. नम्माळ्वार यांनी २००३ साली पूम्पुहार ते कल्लणै पदयात्रा काढली. तिच्यात शेतकऱ्यांनी जुन्या भाताची बियाणी दिली. त्यातून नेल जयरामन यांनी २००६ पासून आदिरंगम इथे बियाण्यांचा उत्सव भरवला. दोन किलो बी न्यायचं, पुढच्या वर्षी चार किलो आणून द्यायचं, एवढाच करार. ना अनुदान, ना अर्ज. २०१८ मध्ये जयरामन गेले तेव्हा १७४ वाण परत शेतात आले होते. त्यातलं पूंगार भात गरोदर बाईला द्यावं अशी इकडची समजूत आहे. गर्भरक्षांबिकेच्या मुलखात ते शेतात टिकणं मला तुपाच्या डबीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांची बियाणं बँकही अशीच उभी राहिली.

ऊर्जेच्या बाबतीत इथल्या लोकांनी एक मोठं नाही म्हटलं आहे. मन्नारगुडी भागात कोळशाच्या थरांतला मिथेन काढायचा परवाना २०१० मध्ये दिला गेला. हा वायू सुटायला आधी थरातलं पाणी उपसून काढावं लागतं, आणि भातवाल्या शेतकऱ्याला एवढं सांगितलं की पुढचं तो समजतो. नम्माळ्वार मिथेनविरोधी मोहिमेत गावोगाव फिरत असताना ३० डिसेंबर २०१३ ला वारले. कुंभकोणमजवळच्या कदिरामंगलमला ३० जून २०१७ रोजी तेलवाहिनी फुटली आणि आंदोलन पेटलं. २०२० मध्ये कायदा झाला, तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम हे जिल्हे आणि आसपासचे काही तालुके संरक्षित कृषिक्षेत्र ठरले. तेल आणि वायूच्या नव्या विहिरींना बंदी आली, आधीपासून चालू असलेल्यांना मात्र कायदा लागू नाही.

नको ते थांबवणं लोकांना जमलं. हवी ती वीज लोकांनी स्वतः करायची तर कशी, यासाठी पुढच्या आठवड्यात कोइम्बतूर जिल्ह्यातल्या ओडंतुरै पंचायतीत जाऊ. तिने २००६ मध्ये कर्ज काढून ३५० किलोवॅटची पवनचक्की विकत घेतली, आणि गावाची गरज भागून उरलेली वीज मंडळाला विकायला लागली.