वेष्टनाचे वाचन आणि सुईचे शिक्षण

चक्रवाढ व्याजाचे उदाहरण अचूक सोडविणारा विद्यार्थी हातातील बिस्किटाच्या पुड्यावर काय छापले आहे हे वाचत नाही. आणि सदऱ्याचे बटण तुटले, तर त्याला आईची अथवा शिंप्याची वाट पाहावी लागते. या गोष्टी किरकोळ म्हणून सोडून देण्याचा आपला प्रघात आहे. वस्तुतः त्या एकाच उणिवेच्या दोन बाजू होत. आपली शाळा मुलाकडे उद्याचा नोकरदार म्हणून पाहते. आज तो ग्राहक आहे आणि घरच्या कामात हात देऊ शकणारे माणूस आहे, याचा विचार ती क्वचितच करते.

विकणाऱ्याला मालाची जेवढी माहिती असते तेवढी घेणाऱ्याला नसली म्हणजे बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. खाद्यपदार्थांच्या बाबतीत ही विषमता कमी करण्याचे काम २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने बरेचसे वेष्टनाकडे सोपविले आहे. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. तेव्हा यादीत साखर दुसऱ्या क्रमांकावर असेल, तर दर्शनी बाजूवरील गव्हाच्या लोंब्यांच्या चित्राला किती महत्त्व द्यावे, हे मुलाला आपोआप उमगेल. पोषणमूल्ये शंभर ग्रॅममागे दिलेली असतात. शंभर ग्रॅममध्ये ३५ ग्रॅम साखर असेल, तर साठ ग्रॅमच्या पुड्यात ती २१ ग्रॅम, म्हणजे चार चमच्यांहून अधिक भरते. त्रैराशिकाला यापेक्षा जिवंत उदाहरण कोणते मिळणार?

किमतीचेही तसेच. दहा रुपयांचा पुडा दहा रुपयांनाच मिळत राहतो, पण साठ ग्रॅमचा पन्नास ग्रॅम होतो. ग्राहकाला भाववाढ जाणवत नाही, तरी ती वीस टक्के झालेली असते. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने एककामागील किंमत छापण्याची तरतूद केली, ती याच दृष्टीने उपयुक्त आहे. परंतु छापलेले वाचणारा कोणी नसेल, तर तरतूद कागदावरच राहते. त्यातही अडचण अशी, की हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला म्हणजे कायद्याचे समाधान होते; मराठीची सक्ती नाही. बारीक अक्षरांतील परकी भाषा वाचण्याचा सराव खेड्यातील मुलाला शाळेने दिला नाही, तर कोण देणार?

आता सुईकडे वळू. धावदोरा, टीप, तुरपाई आणि बटण लावणे एवढे आले, तरी घरातील निम्मी दुरुस्ती घरीच होते. शिवण हे मुलींचे काम, ही समजूत मात्र अद्याप सुटलेली नाही. घरातील सुई बाईच्या हाती आणि बाजारपेठेतील शिलाईयंत्र पुरुषाच्या पायाखाली, हा विरोधाभास आपण निमूटपणे पाहत आलो. जे काम मोबदल्यासाठी केले की पुरुषाला कमीपणाचे वाटत नाही, ते घरात केल्याने मुलाला कमीपणा का यावा? म्हणून हा तास मुलामुलींचा एकत्रच हवा.

महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे. जुन्या चादरीची पिशवी शिवताना मूल मोजमाप, क्षेत्रफळ आणि काटकसर एकदमच शिकते. फाटक्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आज्यांना हे अर्थशास्त्र कोणी शिकविले नव्हते. आपण मात्र ते विसरलो.

हा विचार नवा नाही. हस्तोद्योगातूनच शिक्षण द्यावे, ही महात्मा गांधींची कल्पना १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडली गेली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाचा पुरस्कार केला, ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये समाजोपयोगी उत्पादक कार्याचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस आहेत. प्रत्यक्षात कार्यानुभवाचा तास बहुधा गणिताने गिळला, आणि उरला तो बाजारातून विकत आणलेल्या शोभेच्या वस्तूंनी साजरा झाला.

शिक्षकांवर आधीच कामांचा भार आहे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि येथे नवा विषय नको, नवे पुस्तक नको आणि परीक्षा तर नकोच. घरातील रिकामी वेष्टने, जुने कापड आणि सुईदोरा एवढ्यावर भागते. वेष्टनाचा पाठ गणित आणि विज्ञानाच्या तासातच बसतो.

या शिक्षणाची सर्वाधिक गरज आहे ती गरिबाच्या मुलाला. दोन्ही पालक मजुरीवर गेले, की त्याच्या हाती पाच-दहा रुपये येतात आणि दुपारची भूक तो दुकानातील दोरीवर लटकणाऱ्या पुड्यांतून भागवितो. त्याच्या वतीने निवड करणारे त्या वेळी तेथे कोणी नसते. ती निवड डोळसपणे करण्याची शक्ती त्याला देणे, हे शाळेचे अवांतर काम नव्हे. ते तिचे मूळ काम आहे.