जबड्याची शस्त्रक्रिया आणि दातांच्या तारा: परिणाम किती टिकतो?

खालचा जबडा फार पुढे किंवा फार मागे असेल, किंवा तोंड मिटल्यावरही पुढचे दात एकमेकांना टेकत नसतील, तर ऑर्थोडॉन्टिस्ट कधी कधी सांगतात, ‘नुसत्या तारांनी भागणार नाही, जबड्याची शस्त्रक्रिया लागेल.’ मग घरचे विचारतात, एवढे करून ते टिकेल का? बहुतेकांचे टिकते. मात्र योग्य वयात सुरुवात करणे आणि शस्त्रक्रियेनंतरची काळजी शेवटपर्यंत घेणे, या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

उपचार किती काळ चालतो?

तारांनी दात हलतात, जबडा हलत नाही. त्यामुळे आधी साधारण १२ ते १८ महिने तारा लावून दात आपापल्या जबड्यावर सरळ करतात. या काळात चावा आणखी बिघडल्यासारखा दिसू शकतो. घाबरून उपचार सोडू नका, हा त्यातलाच टप्पा आहे. नंतर पूर्ण भूल देऊन, बहुतेक छेद तोंडाच्या आतून घेऊन जबडा नव्या जागी बसवतात आणि टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या व स्क्रूंनी पक्का करतात. पुढे साधारण ६ ते १२ महिने पुन्हा तारा असतात. ‘लग्न ठरलंय, चार महिन्यांत उरकून घेऊ’ असे यात होत नाही.

जबडा पुन्हा सरकतो का?

हाड साधारण ६ ते ८ आठवड्यांत जुळते, पण स्नायूंना नव्या जागेची सवय व्हायला वेळ लागतो. थोडा बदल होतोच, आणि तो बहुधा पहिल्या वर्षात होतो. एक-दोन मिलिमीटरचा फरक अनेकदा तारांनी सावरता येतो.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील डॉक्टरांनी अशा रुग्णांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. वरचा जबडा वर सरकवणे सर्वांत टिकाऊ ठरले. खालचा जबडा पुढे आणण्याचे निकालही चांगले होते. फक्त खालचा जबडा मागे नेणे किंवा वरचा जबडा रुंद करणे तुलनेने कमी टिकते. सर्जन दोन्ही जबड्यांची शस्त्रक्रिया सुचवतात, त्यामागे अनेकदा हे कारण असते.

काहींमध्ये, विशेषतः खालचा जबडा मागे असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये, कानापुढच्या सांध्याचे हाड हळूहळू झिजू शकते. त्यामुळे पहिल्या वर्षानंतरही तपासणी चालू ठेवा.

घाई कुठे नडते?

जबड्याची वाढ थांबण्याआधी शस्त्रक्रिया केली, तर वाढणारा जबडा पुन्हा पुढे येतो. मुलींमध्ये साधारण १७-१८, मुलांमध्ये २०-२१ वर्षांपर्यंत थांबावे लागते. काही महिन्यांच्या अंतराने काढलेल्या एक्स-रेवरून वाढ थांबल्याची खात्री करतात.

ओठ बधिर राहील का?

खालच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होणे नेहमीचे आहे. बहुतेकांत काही महिन्यांत ते कमी होते. काहींत थोडा बधिरपणा कायम राहतो, आणि वय जास्त असेल तर ही शक्यता वाढते. संमतीपत्रावर सही करण्याआधी याबद्दल स्पष्ट विचारा.

घरी आल्यावर

पहिले काही आठवडे पेज, डाळीचे पाणी, मऊ भात, अंडे, काटे काढून कुस्करलेला मासा असे खा. भाकरी, शेंगदाणे सर्जन परवानगी देईपर्यंत नको. तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद, कारण त्यांनी जखम आणि हाड भरायला उशीर होतो.

सिंधुदुर्गातून अनेक जण उपचारासाठी बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात, बेळगावला किंवा मुंबईला जातात. चेहरा छान दिसू लागला, की दूरच्या फेऱ्या नकोशा होतात आणि रिटेनर डबीतच राहतो. दात परत सरकायला तेवढे पुरते. म्हणून उपचार ठरवतानाच नंतरच्या फेऱ्यांचा खर्च आणि सुट्ट्या धरा. रिटेनर सांगितल्याप्रमाणे, बहुधा रात्रीचा, अनेक वर्षे लावावा लागतो.

लगेच डॉक्टरांना दाखवा

न थांबणारा रक्तस्राव, श्वासाला त्रास, ताप, पू, वाढती सूज किंवा अचानक बदललेला चावा दिसला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. श्वासाला त्रास किंवा रक्तस्राव असेल तर जवळच्या रुग्णालयात जा, आणि तिथूनच सर्जनना फोन करा.