डिकीतला दणका आणि बॉनेटमधला फ्यूज

आमच्या विंगमध्ये दर सेमिस्टरला एक तरी महाभाग असा निघतो, ज्याला सुट्टीत घरी गेल्यावर बाबांच्या गाडीत वूफर बसवायचा असतो. हे महाभाग सबमिशनच्या आदल्या रात्री बरोबर अकरा वाजता माझ्या रूमचं दार वाजवतात. कारण 'ह्यानं एकदा गाडी पेटवली होती' अशी माझी कीर्ती मेसपर्यंत पोहोचली आहे! परवा फर्स्ट इयरच्या एकाने विचारलं, "दादा, हजार वॅटचा घेऊ का दीड हजारचा?" त्याला तोंडी सांगता सांगता रात्रीचे दोन वाजले. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

आधी कीर्तीबद्दल. सेकंड इयरच्या सुट्टीत मी आमच्या जुन्या मारुती एट हंड्रेडमध्ये ॲम्प्लिफायर आणि दहा इंची वूफर बसवला. दोन्ही सेकंड हॅन्ड. वायर? घराच्या फिटिंगमधून उरलेली १.५ स्क्वेअर एमएमची होती, तीच. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला, म्हणजे फायरवॉलला, ड्रिलने भोक पाडलं आणि बॅटरीपासून डिकीपर्यंत वायर ओढली. दणका असा बसला की शेजारच्या काकूंची मांडणीवरची भांडी वाजायला लागली. मी खूश.

आठवड्याने मावसबहिणीच्या लग्नाला आम्ही कराडहून चिपळूणला निघालो. पुढे बाबा आणि मी, मागे आई आणि आजी. कुंभार्ली घाट उतरायला लागलो आणि आजी म्हणाली, "काहीतरी जळतंय रे." मला वाटलं ब्रेक तापले असतील. एवढ्यात डॅशबोर्डच्या खालून पांढरा धूर यायला लागला. बाबांनी गाडी कडेला घेतली, आजीला आणि आईला उतरवलं, बॉनेट उघडलं आणि सीटखालचा दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल सोडवला. दोन मिनिटं झाली नसतील सगळ्याला. वायरचं इन्सुलेशन वितळून फायरवॉलच्या भोकाला चिकटलं होतं आणि आत तांबं उघडं पडलं होतं.

बाबा ओरडले नाहीत. ते शेतकरी माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, "फ्यूज कुठं लावला होतास?"

मी म्हटलं, "ॲम्प्लिफायरलाच आहेत की बाबा, दोन."

"विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज कुठं असतो? खांबाकडच्या पेटीत, का मोटारीच्या अंगाला?"

नेटवर्क थिअरीत मला डिस्टिंक्शन होतं. आणि या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

फ्यूज कोणासाठी असतो?

आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं, की फ्यूज हा ॲम्प्लिफायर वाचवण्यासाठी असतो. मेन लाइनवरचा फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नाही, वायरसाठी असतो. माझी वायर बॅटरीपासून साधारण एक मीटरवर, भोकाच्या धारदार कडेला घासून घासून सोलली गेली. गाडीचा पत्रा म्हणजेच निगेटिव्ह. त्यामुळे करंट तिथूनच परत फिरला. तो डिकीपर्यंत गेलाच नाही, मग डिकीतले फ्यूज उडणार कसे?

आता आकडे बघा. गाडीची बॅटरी १२ व्होल्टचीच, हात लावला तर झिणझिण्याही येत नाहीत. पण तीच बॅटरी स्टार्टर फिरवते, म्हणजे शॉर्ट झाला तर ती शेकडो अँपिअर सहज सोडते. १.५ स्क्वेअर एमएमच्या एक मीटर तांब्याचा रेझिस्टन्स साधारण ०.०११५ ओहम. ३०० अँपिअर धरा. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे जवळजवळ १००० वॅट! हॉस्टेलमध्ये रेक्टर ज्याच्यासाठी रूम चेकिंग करतात, तो बादलीत सोडायचा हीटर असतो ना, साधारण तेवढी उष्णता एक मीटर वायरमध्ये. बादली नाही, पाणी नाही, आणि शेजारी पेट्रोलची गाडी.

म्हणून पहिला नियम: मेन फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १८ इंचांच्या, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आत. जितका जवळ तितका चांगला, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला कोणीच वाली नसतो. दुसरा नियम: पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. दोन्ही मिळून खर्च एका सिनेमाच्या तिकिटाएवढा.

स्टिकरवरचे वॅट आणि खरे वॅट

बाबांनी नंतर सगळं पुन्हा बसवायची परवानगी दिली, पण एका अटीवर: "आधी हिशोब कागदावर दाखव." तो हिशोब इथे देतो.

गाडीच्या डेकवर '५० वॅट × ४' असं लिहिलेलं असतं. ते कुठून येतं? इंजिन चालू असताना गाडीचं व्होल्टेज १३.८ ते १४.४ च्या आसपास असतं. १४.४ चा वर्ग भागिले ४ ओहम, उत्तर ५१.८. झाले ५० वॅट! पण हे कधी? साइन वेव्हचा पार चौकोन झाला तर, म्हणजे नुसती खरखर ऐकायची असेल तर. स्वच्छ साइन वेव्हचं आरएमएस काढलं की आदर्श उत्तर २६ वॅटच्या आत येतं, आणि प्रत्यक्षात २० च्या आसपास. फसवणूक म्हणा किंवा मार्केटिंग म्हणा. आपण मात्र 'आरएमएस' हा शब्द शोधायचा.

ॲम्प्लिफायरमध्ये आधी एक स्विचिंग पॉवर सप्लाय असतो. तो १२ व्होल्टचे जास्त व्होल्ट करतो, म्हणून तिथे जास्त वॅट मिळतात. पण फुकट काहीच मिळत नाही. माझ्या ॲम्प्लिफायरवर '१००० वॅट' असं सोनेरी अक्षरात होतं. त्याचे फ्यूज बघितले तर १५ अँपिअरचे दोन. म्हणजे ३० गुणिले १३.८, आत जाणारी पॉवर ४१४ वॅट. क्लास एबीची एफिशियन्सी ६० टक्के धरली तरी बाहेर २५० वॅट. बाकीची हीटसिंक गरम करणार. क्लास डीमध्ये ८० टक्क्यांच्या पुढे जाता येतं, पण शंभरच्या पुढे कोणीच जात नाही. तेव्हा दुकानात स्टिकर वाचू नका, फ्यूज वाचा.

आता वायर. डिकीपर्यंत ५ मीटर धरू. माझी घरगुती वायर: ०.०५७ ओहम. ३० अँपिअरला १.७ व्होल्ट वायरमध्येच गेले आणि ५० वॅट वायर तापवण्यात. म्हणजे २५ वॅटच्या दोन सोल्डरिंग आयर्न गालिच्याखाली चालू ठेवून मी गाणी ऐकत होतो! तीच वायर १० स्क्वेअर एमएमची घेतली की ड्रॉप पाव व्होल्टवर येतो. दुसऱ्या वेळी मी तीच घेतली आणि बॅटरीजवळ ४० अँपिअरचा फ्यूज लावला. फ्यूज ॲम्प्लिफायरच्या ३० पेक्षा मोठा, पण वायर जेवढं सोसेल त्याच्या आत. फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकणं म्हणजे ताप येतोय म्हणून थर्मामीटर फोडणं.

वायर घ्यायला पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाल तेव्हा खिशात ब्लेड ठेवा. एक तार खरवडा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. घ्यायचीच तर जाड घ्या, तांब्याच्या भावाने मात्र घेऊ नका.

अर्थिंगची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड, अर्ध्या मीटरच्या आत, आणि पॉलिश पेपरने रंग पूर्ण घासलेल्या पत्र्यावर घट्ट आवळलेली. सीट बेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही. तो जीव वाचवायला आहे. सिग्नलची केबल गाडीच्या एका बाजूने आणि पॉवरची दुसऱ्या बाजूने न्या. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून 'कुंईई' असा वाढता आवाज येत असेल, तर आधी अर्थिंग तपासा. आणि ॲम्प्लिफायरचा 'रिमोट' डेकच्या रिमोट वायरलाच जोडा. बॅटरीला डायरेक्ट जोडला तर गाडी बंद असतानाही ॲम्प्लिफायर जागाच राहतो, आणि सकाळी गाडीला धक्का मारायला तुम्ही.

खोका म्हणजे स्प्रिंग

माझा पहिला खोका डिकीत मावेल तेवढा, घरातल्या प्लायचा होता. दणका होता, पण सगळ्या गाण्यांत एकच सूर 'भों भों' करायचा. सीलबंद खोक्यातली हवा ही स्प्रिंगसारखी वागते. खोका लहान तर स्प्रिंग कडक. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये, आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी, याचं गणित मांडून ठेवलं आहे. वूफरच्या कागदावर एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस असे जे तीन आकडे असतात, ते यांच्याच नावाचे पॅरामीटर.

खोक्यातल्या वूफरचा क्यू ०.७०७ आला की रिस्पॉन्स सपाट मिळतो. सूत्र सोपं आहे: ०.७०७ ला क्यूटीएसने भागा, वर्ग करा, एक वजा करा, आणि व्हीएएसला त्या आकड्याने भागा. क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ४० लिटर असेल तर खोका २७ लिटरचा. आतून ४० × ३० × २५ सेंटिमीटर घेतला तर ३० लिटर होतात. वूफरचा मागचा भाग आणि आतल्या पट्ट्यांची जागा वजा केली की बरोबर जमतं. १८ मिलिमीटरचं एमडीएफ, फेविकॉल, स्क्रू आणि कोपऱ्यांना आतून सिलिकॉन. सुताराकडून फळ्या कापून घ्या. हॅक्सॉने सरळ कापणारा इंजिनिअर मी अजून वर्कशॉपमध्येसुद्धा बघितलेला नाही. शेवटी कोन हलकेच आत दाबून सोडा. हळूहळू परत आला तर खोका बंद आहे. झटकन आला तर कुठून तरी हवा गळतेय.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

ॲम्प्लिफायरवरचा गेन पूर्ण फिरवला म्हणून वॅट वाढत नाहीत, फक्त क्लिपिंग लवकर सुरू होतं आणि व्हॉइस कॉइल जळते. वूफर १५० वॅट आरएमएसचा, ४ ओहमचा असेल तर १५० गुणिले ४, त्याचं वर्गमूळ: २४.५ व्होल्ट. स्पीकर काढून ठेवा, डेकचा आवाज पाऊणवर ठेवा, ५० हर्ट्झचा टोन लावा आणि मल्टीमीटर एसीवर ठेवून २४.५ येईपर्यंत गेन वाढवा. पुढे हात लावू नका. रूम पार्टनरला तर अजिबात लावू देऊ नका.

नवी गाडी असेल तर दोन गोष्टी जास्तीच्या. आजकाल स्क्रीनवरच गाडीच्या निम्म्या सेटिंग असतात, त्यामुळे डेक काढायच्या फंदात न पडता स्पीकरच्या वायरवरून ॲम्प्लिफायरच्या हाय लेव्हल इनपुटला सिग्नल घेणं बरं. आणि पिवळ्या वेष्टनातल्या वायर दिसल्या तर हात मागे, त्या सहसा एअरबॅगच्या असतात. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत केशरी केबल म्हणजे हाय व्होल्टेज, तिकडे बघायचंसुद्धा नाही. वॉरंटीचा कागद वायर कापण्याआधी वाचायचा असतो, नंतर नाही.

कानांचंही एक फ्यूज रेटिंग आहे बरं का! अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. हा फ्यूज उडाला की नवा मिळत नाही.

आता शेवटचं. दुसऱ्यांदा सगळं बसवून झालं तेव्हा मी बाबांना कागद दाखवला. त्यांनी वॅट वगैरे काही विचारलं नाही. बॉनेट उघडून फ्यूजवर बोट ठेवलं, ग्रोमेट हलवून बघितला आणि म्हणाले, "हं. आता खांबाकडं आहे." त्यानंतर आजीला घेऊन त्याच घाटातून आम्ही परत एकदा चिपळूणला गेलो. आजीने पाटणच्या अलीकडेच आवाज कमी करायला लावला. दोनशे पन्नास वॅटपैकी दोन वॅटसुद्धा वापरले गेले नसतील. पण धूर आला नाही.

तेव्हा मित्रांनो, सुट्टीत घरी गेल्यावर जरूर वूफर बसवा. गाडीच्या बॉनेटमध्ये ओहमचा नियम जसा कळतो तसा तो पुस्तकात कळत नाही. फक्त गाडीत कोण कोण बसणार आहे ते आधी आठवा, आणि पहिली वस्तू फ्यूज घ्या. माझं दार वाजवायचं असेल तर हिशोबाचा कागद घेऊन या. अकराच्या आत!