कुलूपबंद फोन ढाळजेत काय काय ठेवतो?

(युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, व्याख्यान सुरू व्हायच्या आधी आम्ही पुढच्या रांगेतल्या काहीजणांना एक विनंती केली होती. आपापला फोन लॉक करा आणि या टेबलावर पालथा नाही, उताणा ठेवा. फोनला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. वीस मिनिटं झाली असतील. तेवढ्यात काय काय दिसलं ते सांगतो, कुणाचा फोन ते सांगत नाही. एका फोनवर बँकेचा मेसेज आला, खात्यात आता किती शिल्लक आहे ते आकड्यासकट. एकावर व्हॉट्सॲपचा निरोप आला, तो आम्ही इथं वाचून दाखवणार नाही. (हशा) आणि एका फोनवर सहा आकडी ओटीपी आला. दादा स्वतः शेवटच्या रांगेत बसलेत, पण त्यांचा ओटीपी आम्ही पाठ करून ठेवलाय. फोनला पॅटर्न आहे, फिंगरप्रिंट आहे, सगळं आहे. कुलूप अगदी पक्कं आहे. पण ओटीपी कुलपाच्या बाहेर होता.

आजचा विषय एवढाच आहे. फोन लॉक असतानाही तो बरीच कामं करत असतो. त्यातली कुठली करू द्यायची आणि कुठली नाही, हे आपण ठरवायचं असतं. आपण ठरवलं नाही तर फोन बनवणारी कंपनी ठरवते, आणि तिला केज तालुका माहीत नसतो.

आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांना ढाळज असायची. आजही कुठं कुठं आहे. परगावचा माणूस आला तर तो ढाळजेत टेकायचा, पाणी प्यायचा, निरोप द्यायचा. त्याला माजघरात जायची गरज नव्हती आणि मुभाही नव्हती. ढाळज कुणी बंद करत नव्हतं, पण तिथं दागिन्यांचा डबाही कुणी ठेवत नव्हतं. लॉक स्क्रीन ही फोनची ढाळज आहे. ती पूर्ण बंद केली तर नुकसान आहे, ते पुढं सांगतो. आधी डब्याचं बघू.

नोटिफिकेशनचं काम सोपं आहे, आत्ता बसल्या बसल्या करता येतं. सेटिंगमध्ये जा, नोटिफिकेशन किंवा लॉक स्क्रीन शोधा. प्रत्येक कंपनीनं नाव आणि जागा थोडी बदललेली असते, म्हणून वैतागू नका. तिथं तीन पर्याय सापडतात : सगळं दाखवा, मजकूर लपवा, काहीच दाखवू नका. मधला निवडा. मग मेसेज आला एवढं कळतं, आत काय आहे ते कुलूप उघडल्यावरच. आयफोनमध्ये ‘शो प्रीव्ह्यूज’ला ‘व्हेन अनलॉक्ड’ करायचं. लॉक असताना मेसेजला उत्तर देण्याची मुभा असते, तीही काढून टाका, नाहीतर तुमच्या नावानं दुसराच कुणी ‘हो, पैसे पाठव’ म्हणेल.

इथं बायाबापड्या बसल्यात म्हणून एक बोलतो. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले. पण खात्याला जोडलेला नंबर बऱ्याच घरांत नवऱ्याचा नाहीतर पोराचा आहे. म्हणजे पैसे आले ते आधी कुणाच्या स्क्रीनवर दिसतं? हा तंत्राचा प्रश्न नाही, घरचा आहे. पण एवढं मात्र आम्ही सांगू, की ज्या नंबरला आपलं खातं जोडलंय तो फोन कुणाच्या हातात असतो आणि त्याची ढाळज कशी आहे, हे विचारायचा हक्क बाईला आहे.

बरं, मजकूर लपवला. मग ओटीपी सुरक्षित झाला का? अर्धाच. लॉक असलेल्या फोनवर आलेला कॉल कुणीही उचलू शकतो, त्याला पॅटर्न लागत नाही. आणि काही ठिकाणी ओटीपी फोन करूनही सांगितला जातो. व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू करताना ‘मला कॉल करा’ असा पर्याय येतो, आणि मशीन आकडे वाचून दाखवतं. म्हणजे चहाच्या टपरीवर विसरलेला तुमचा फोन दुसऱ्यानं नुसता उचलून कानाला लावला की झालं. यावर उपाय व्हॉट्सॲपमध्येच आहे, ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’. तुम्ही ठरवलेला सहा आकडी पिन. तो असला की कॉलवरचा कोड एकटा पुरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं आम्ही जरा रेंगाळणार आहोत. तुमच्या फोनच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. त्यात टाचणी घातली की सिमचा ट्रे बाहेर येतो. त्याला ना पॅटर्न लागतो ना अंगठा. चोराला तुमच्या फोनचं कुलूप तोडायचंच नसतं. तो सिम काढतो, दुसऱ्या फोनमध्ये घालतो, आणि तुमचे सगळे ओटीपी त्याच्या फोनवर. तुमचा फोन बिचारा कुलूप लावून बसलेला.

पुढं तो काय करेल? यूपीआय त्याच्या फोनवर चालू करायला तुमच्या सिमवरून बँकेला एक एसएमएस जावा लागतो. सिम त्याच्याकडं आहे, एसएमएस गेला. मग यूपीआय पिन नवा ठेवायला लागतात एटीएम कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी. ओटीपी आहेच. कार्डाचे आकडे कुठून आणणार? आता सगळ्यांनी आपापल्या फोनचं कव्हर काढा बरं.

(सभागृहात हालचाल, हशा)

बघा. किती कार्डं निघाली! आम्ही जिथं जाऊ तिथं हेच. पाकीट बाळगायची सवय नाही, खिसा एकच, म्हणून एटीएम कार्ड फोनच्या कव्हरमध्ये. कुणी त्यातच आधार कार्डाची घडी ठेवतं, आणि आधारच्या आकड्यांवर, ओटीपीवरही यूपीआय पिन ठेवायची सोय आहे. परवाच एका गावी एका आजोबांनी कार्डामागं चिठ्ठी चिकटवून चार आकडे लिहिलेले दाखवले, ‘विसरायला होतं’ म्हणाले. खरं आहे, विसरायला होतं. पण मग फोनचं कुलूप, सिम, कार्ड आणि पिन ही चारही एकाच खिशात. आजच्या व्याख्यानातलं एकच काम करणार असाल तर हे करा : कार्ड कव्हरमधून काढा.

दोनच करणार असाल तर सिमला पिन लावा. सेटिंगमध्ये सुरक्षा, त्यात ‘सिम लॉक’. हा फोनचा पिन नव्हे, सिमचा. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ते आधी हा पिन मागतं. पण थांबा, घाईनं हात घालू नका. सिमला कंपनीनं आधीच एक पिन दिलेला असतो. तो टाकला की मग आपला ठेवता येतो. अंदाजानं आकडे टाकू नका, कारण तीनदा चुकलं की सिम बंद होतं आणि पीयूके नावाचा आठ आकडी क्रमांक मागतं. तो कंपनीच्या कस्टमर केअरकडून मिळतो. पीयूके दहा वेळा चुकला तर सिम कायमचं गेलं, नवंच घ्यावं लागतं. म्हणून आधी केअरला फोन करून मूळ पिन विचारा, मग लावा.

आणि हे प्रत्येकानं करावं असंही आमचं म्हणणं नाही. सिमला पिन असला की फोन बंद होऊन पुन्हा चालू झाल्यावर पिन टाकेपर्यंत कॉल येत नाहीत. जिथं चार्जिंगची बोंब आहे, फोन दिवसातून दोनदा बंद पडतो, तिथं म्हाताऱ्या आईच्या साध्या फोनला हे लावलं तर तिला कुणाचा फोनच लागणार नाही. ज्या नंबरला बँक जोडली आहे त्याला लावा. बाकीच्यांना राहू द्या.

पीयूकेवरून एक खरी हकीकत. २०२२ साली डेव्हिड शुट्झ नावाच्या हंगेरीतल्या एका संशोधकाच्या फोनची बॅटरी प्रवासात संपली. चार्ज करून चालू केला तर सिमचा पिन आठवेना. तीनदा चुकला, पीयूके टाकला, नवा पिन ठेवला. त्यानंतर फोन जरा विचित्र वागला, म्हणून त्यानं खोदून पाहिलं. शेवटी असं निघालं, की गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये आपलं सिम घालायचं, मुद्दाम तीनदा चुकायचं, पीयूके टाकायचा, की फोनचं कुलूप आपोआप उघडतंय! ढाळजेतून थेट माजघरात. गुगलनं त्याला ७०,००० डॉलर बक्षीस दिलं आणि त्या नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये ते भोक बुजवलं. आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडं पिक्सेल नाही. नसू द्या. पण फोनवर ‘अपडेट आलंय’ असं येतं ते आपण ‘डेटा जाईल’ म्हणून महिनोन्महिने ढकलतो ना, त्यात असली भोकं बुजवलेली असतात.

आता ढाळज उघडी का ठेवायची ते बघू. आपल्याकडं रानात रात्रीची लाईट असते, पाणी द्यायला माणूस एकटा जातो. बांधावर पाय घसरला, काही चावलं, गाडीवरून पडला. शेजारच्या शेतातला माणूस धावत आला. त्याच्या फोनची बॅटरी मेली, तुमचा फोन लॉक. तो काय करेल? लॉक स्क्रीनवर खाली ‘इमर्जन्सी’ लिहिलेलं असतं. तिथून कुलूप न उघडता ११२ लागतो. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, तिन्हींसाठी हा एकच नंबर. आणि बोलताना नुसतं ‘वडगावला या’ म्हणू नका. तो फोन उचलणारा माणूस बीडला बसलेला नसतो, राज्याच्या केंद्रात बसलेला असतो, आणि महाराष्ट्रात वडगावं किती आहेत! युसूफ वडगाव, तालुका केज, जिल्हा बीड, असं पूर्ण सांगा. शेत कुणाचं, कुठल्या रस्त्याला, तेही.

स्वतःच पडला असाल आणि स्क्रीन बघता येत नसेल, तर पॉवरचं बटण. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांना पॅनिक बटण सक्तीचं केलं गेलं. स्मार्टफोनमध्ये पॉवर बटण भराभर तीनदा दाबायचं, साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ चं बटण दाबून धरायचं. काही नव्या फोनांत पाचदा दाबावं लागतं. आपल्या फोनचं काय आहे ते सेटिंगमध्ये बघून ठेवा. मात्र दाबून ‘तपासून’ बघू नका, खरोखरच कॉल जातो.

त्याच इमर्जन्सीच्या आत वैद्यकीय माहिती भरायची जागा आहे. रक्तगट, साखरेचा आजार, कुठल्या औषधाची ॲलर्जी, घरच्या दोघांचे नंबर. फोन लॉक असला तरी डॉक्टर ती उघडून बघू शकतो. केजहून अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात बेशुद्ध माणूस नेला, तर तिथं हाच पहिला प्रश्न असतो, याचं कोण आहे? फोन खिशात आहे, लॉक आहे, आणि उत्तर त्याच्या आत आहे. ते उत्तर बाहेर आणून ठेवा.

आणि दिवाळीच्या आसपास जे कोयता घेऊन बाहेर पडतात, सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात, त्यांच्यासाठी आणखी एक. लॉक स्क्रीनवर एक ओळ कायम दिसेल असं लिहिता येतं. तिथं आपलं नाव लिहू नका, गावाकडच्या भावाचा नाहीतर मुकादमाचा नंबर लिहा. फोन फडात पडला, ट्रॅक्टरमध्ये राहिला, तर ज्याला सापडला त्याला परत कसा करायचा ते कळतं. प्रामाणिक माणसं अजून आहेत, पण फोन लॉक असल्यावर ती तरी काय करणार!

टॉर्च, गाणी, अलार्म, हे लॉक असताना चालू द्या. कॅमेऱ्यालाही भिऊ नका, लॉक असताना उघडलेल्या कॅमेऱ्यात आत्ता काढलेलेच फोटो दिसतात, जुनी गॅलरी नाही. बोलून हुकूम देण्याची सोय मात्र लॉक असताना बंद ठेवा. वरून ओढला जाणारा पडदाही, तुमच्या फोनमध्ये तसं सेटिंग असेल तर, बंद करा. चोर आधी तोच ओढतो आणि विमान मोड लावतो, मग फोन शोधता येत नाही.

पॅटर्नबद्दल एकच. नऊ ठिपक्यांचे ३,८९,११२ पॅटर्न होतात म्हणे, पण आपण सगळे ‘एल’ नाहीतर ‘झेड’ काढतो. २०१० साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की स्क्रीनवर उरलेल्या बोटाच्या तेलकट रेघेवरून पॅटर्न ओळखता येतो. आपल्याकडं तर भाकरी-कालवणाचा हात. सहा आकडी पिन बरा. फक्त जन्मसाल नको.

शेवटचा प्रश्न मघाशी एका ताईंनी विचारला होता, एवढं करून फोन गेलाच तर? आधी दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला सांगून सिम बंद करा, मग बँकेला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. मग तक्रार, त्यासाठी पोलीस ठाणं इथं गावातच आहे. त्या तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र घेऊन संचार साथीच्या वेबसाइटवर फोनचा आयएमईआय ब्लॉक करता येतो, म्हणजे त्या फोनमध्ये कुठलंच सिम चालत नाही. आयएमईआय कुठं मिळतो? फोन हातात असताना स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबायचं. फोन गेल्यावर ते दाबता येत नाही. तेव्हा टेबलावरचे फोन आता घेऊन जा, आकडे काढा, आणि वहीच्या मागच्या पानावर लिहा. पेन नसेल तर इथं आहेत.