व्हिन्लंड सागा

मकोतो युकिमुरा यांची ऐतिहासिक साहसकथात्मक जपानी चित्रकथा (मांगा, २००५–२५) व तिच्यावर आधारलेली ॲनिमेशन-मालिका. अकराव्या शतकाच्या आरंभीची व्हायकिंगांची इंग्लंडवरील आक्रमणे ही तिची पार्श्वभूमी. नायक थॉरफिन हा आइसलँडच्या सागांतील थॉरफिन कार्लसेफ्नी ह्या दर्यावर्दीवरून घेतला असून राजा कनूटही इतिहासातलाच आहे.

मूळ चित्रकथेचा आरंभ फ्रँकांच्या एका गढीवरील हल्ल्याने होतो. पित्याच्या मारेकऱ्याच्याच टोळीत सूडासाठी राहणारा तरुण थॉरफिन तीत प्रथम भेटतो. त्याचे बालपण मागाहून उलगडते. शूहेइ याबुता यांनी दिग्दर्शित केलेल्या २४ भागांच्या मालिकेत (विट स्टुडिओ, २०१९) हा क्रम बदलून कथा आइसलँडमधील बालपणापासून सुरू केली आहे. त्यामुळे कोणीही कोणाचा शत्रू नसतो, ही पिता थॉर्स याची शिकवण प्रेक्षकाला आधी कळते आणि पुढील प्रत्येक हत्या तो तिच्याशी ताडून पाहतो. आरंभीची उत्कंठा मात्र काहीशी उणावते.

हिंसेचे चित्रण हा अशा रूपांतरातील सर्वांत अवघड भाग होय. कृष्णधवल पानावर वाचक हवा तितका थांबतो किंवा पान उलटतो. पडद्यावर रंग, ध्वनी व अवधी दिग्दर्शकच ठरवितो आणि कौशल्याने रेखाटलेले द्वंद्व सहजच करमणूक होऊन बसते. पिंगुळीचा चित्रकथी श्रोते पाहून चित्र अधिक वेळ समोर धरू शकतो. ती मुभा येथे नाही. दुसऱ्या २४ भागांत (मापा, २०२३) गुलाम झालेला थॉरफिन डेन्मार्कमध्ये जंगल तोडून शेत तयार करतो. तेथे लढाया थोड्या आणि पश्चात्ताप अधिक आहे.