नाथसागराच्या काठी एक दिवस

हिवाळा सुरू झाला की नांदेड-लातूरच्या व्यापारी घरांत दोन हिशेब एकाच वेळी मांडावे लागतात. दिवाळीनंतर मोंढ्यात सोयाबीनची आवक भरात असते. ती ओसरते न ओसरते तोच जानेवारीत नवी तूर येऊ लागते. पक्षी पाहण्याचे दिवसही नेमके हेच. साहजिकच मुलांची सहल पुढे ढकलली जाते आणि उन्हाळ्याच्या सुटीत हैदराबादचे प्राणिसंग्रहालय, किंवा हात जरा सैल असेल तर सिंगापूरचे पक्षी उद्यान, असा बेत ठरतो.

सिंगापूरचे उद्यान देखणे आहे, यात शंका नाही. १९७१ मध्ये उघडलेले जुरोंग पक्षी उद्यान जानेवारी २०२३ मध्ये बंद झाले आणि तेथील पक्षी मंडाई येथील ‘बर्ड पॅरडाइज’ या नव्या उद्यानात नेण्यात आले. त्याचा विस्तार १७ हेक्टर. आता आपल्या पैठणचा आकडा पाहावा. जायकवाडी पक्षी अभयारण्य ३४१ चौरस किलोमीटरांचे, म्हणजे ३४ हजार हेक्टरांहून अधिक आहे. सिंगापूरच्या उद्यानाच्या दोन हजार पट! आणि या सगळ्या विस्तारात जाळी नाही की पिंजरा नाही.

गोदावरीवरील या धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या भिंतीमागे जो जलाशय पसरला, त्याला एकनाथ महाराजांच्या नावावरून नाथसागर म्हणतात. जलाशय फार मोठा, पण काठाशी उथळ. पाणी हळूहळू मागे सरते, तसा गाळ उघडा पडतो. शेतकरी तेथे गाळपेर करतात आणि पक्ष्यांना पाणवनस्पती, शिंपले, किडे असे अन्न विपुल मिळते. पक्ष्यांची ही गर्दी लक्षात घेऊनच १९८६ मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेल्या लातूरकरांना तर नुसते हे पाणीच डोळे भरून पाहावेसे वाटेल.

हिवाळ्यात येथे येणारे पाहुणे दूरदेशीचे असतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. जुन्या काव्यांत विरहाचे प्रतीक झालेला चक्रवाक लडाख आणि मध्य आशियाकडून येतो. त्याचा नारिंगी रंग लांबूनही ओळखू येतो. तलवार बदक, थापट्या, कांड्या करकोचा हेही येतात. रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे पाहायचे असतील तर काठचा गाळ उघडा पडेपर्यंत, म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत थांबणे बरे. पावसाळा उत्तम झाला असेल तर हे आगमन आणखी लांबते.

जैन घराला या सहलीत एक वेगळी सोय आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिलाच ‘बंध’, म्हणजे जीवाला बांधून किंवा कोंडून ठेवणे. पिंजऱ्यासमोर उभे राहून मुलांना हे समजावताना आजी-आजोबांची अडचण होते. नाथसागरावर तसा प्रश्नच येत नाही. राघू किंवा मुनिया यांसारखे देशी पक्षी पाळणे आणि विकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही या निमित्ताने मुलांना सांगावे. शुभप्रसंगी बाजारातून पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथा काही घरांत आहे. भावना दयेची असते, पण दिलेले पैसे फासेपारध्याच्या पुढच्या जाळ्याचे भांडवल होतात. व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको: मागणी असली की माल येतोच.

दिवसाची आखणीही आपल्या नियमांशी सहज जुळते. जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो. नवकारशी पाळणाऱ्यांना पुढची ४८ मिनिटे मुखात काही घ्यायचे नसते, आणि पक्षी सर्वांत चपळ असतात तेही याच वेळी. न्याहारीची घाई नसलेले कुटुंब दुर्बिणी घेऊन सोनेवाडी किंवा पिंपळवाडीच्या बाजूला निवांत बसू शकते. दुपारी पक्षी विसावतात. तो वेळ पैठणच्या मुनिसुव्रतनाथ भगवंतांच्या अतिशय क्षेत्रातील दर्शनासाठी ठेवावा. मात्र शनी अमावस्येला तेथे मोठी गर्दी उसळते, तो दिवस टाळावा. संध्याकाळचे जेवण पाचच्या आत उरकून पुन्हा काठावर यावे. सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणून चौविहाराचे पाणीही त्यापूर्वीच पिऊन घ्यावे. मग अंधार पडेपर्यंत परतणारे थवे पाहायला मोकळीक.

नांदेडहून परभणी-माजलगाव-गेवराई मार्गे आणि लातूरहून अंबाजोगाई-बीड-गेवराई मार्गे पैठण साधारण सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर पडते. एका दिवसात जाऊन-येऊन पहाट हाती लागणार नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी निघून रात्रीच्या आत मुक्कामी पोहोचावे. लातूरकरांना वाट जरा वाकडी करून बीड जिल्ह्यातील नायगावचे मयूर अभयारण्यही पाहता येते. शिदोरीत खाखरा, दशम्या, सुके पीठले आणि गरम करून गार केलेले पाणी घरूनच घ्यावे. पूजेची पांढरी वस्त्रे दर्शनानंतर बदलावीत. पांढऱ्या आणि भडक रंगांनी पक्षी बुजतात. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ हाताशी असल्यास मराठी नावे शोधता येतात.

एका गोष्टीवर मात्र आजींशी थोडी चर्चा करावी लागेल. घराच्या गच्चीवर रोज ज्वारी टाकणाऱ्या हाताला येथेही मूठभर दाणे टाकावेसे वाटणारच. पण शेव-गाठी, पाव किंवा धान्य या पक्ष्यांना टाकू नये. त्याने त्यांना अपाय होतो आणि पाणीही खराब होते. दाण्यांचा डबा गच्चीवरच्या चिमण्यांसाठी घरी ठेवून यावे. प्लास्टिकची पिशवी मात्र एक जास्तीची सोबत न्यावी, आपला कचरा परत आणण्यासाठी.

तारीख निवडताना बहुतेक घरांचा मेळ २६ जानेवारीला जुळतो. त्या दिवशी बाजार समिती बंद असते; झेंडावंदनानंतर शाळा कधी सुटेल, ते मात्र आधी विचारून घ्यावे. दुपारी निघून दुसऱ्या दिवशीची पहाट पाण्याकाठी गाठता येते. एवढ्या एका दिवसापुरती तुरीची पट्टी मुनीमजींकडे सोपवावी लागेल.